महाविद्यालय पुन्हा बंद पडले, तर विद्यार्थ्यांच्या ताणाचे आणि एकटेपणाचे काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या ठिकाणचे सुमारे 600 विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आहे, पूर्णवेळ समुपदेशक नाही, विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून आपली नुकतीच नेमणूक झाली आहे आणि प्राचार्यांनी आपल्याला आपत्कालीन आराखडा तयार करायला सांगितले आहे. करोनासारखी महासाथ पुन्हा आली आणि वर्ग बंद करावे लागले, तर घरी किंवा वसतिगृहात अडकलेल्या मुलामुलींसाठी महाविद्यालयाने नेमके काय करावे, हे आपल्याला हवे आहे. मी पुण्यात 22 वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते आहे आणि मार्च 2020 पासूनची दोन वर्षे माझे बहुतेक काम फोनवर झाले. त्या अनुभवातून हे उत्तर लिहीत आहे. उदाहरणांतील विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आराखडे लिहिताना एक गोष्ट हमखास निसटते, म्हणून ती आधी सांगते. 2020 च्या उन्हाळ्यात बहुतेक महाविद्यालयांनी मानसिक आरोग्यावर वेबिनार घेतले. वक्ते जाणकार होते, हेतूही चांगला होता. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती ती मुले तिथे नव्हती. कुणाचा रिचार्ज संपला होता, कुणाच्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो धाकट्या भावंडाच्या शाळेसाठी लागत होता, आणि जी खरोखर खचली होती त्यांना अंथरुणातून उठण्याचीच ताकद नव्हती. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष आधार झाला तो दोन गोष्टींचा. ठरलेल्या वारी, नाव घेऊन फोन करणारे एक ओळखीचे माणूस ही पहिली, आणि परीक्षेबद्दल स्पष्ट, वेळेवर मिळणारी माहिती ही दुसरी. या दोन्ही गोष्टींना मानसोपचाराची पदवी लागत नाही, आणि त्या नसतील तर माझ्यासारखीने कितीही तास समुपदेशन केले तरी ते पुरे पडत नाही.

माहितीचा मुद्दा आधी घेते, कारण तो प्रशासनाचा समजला जातो आणि मानसिक आरोग्याच्या आराखड्यात कुणी लिहीत नाही. 2020 मधल्या अंतिम वर्षाच्या परीक्षा आठवा. राज्य सरकारने त्या न घेण्याचे ठरवले. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या सप्टेंबरअखेर घ्याव्याच लागतील असे कळवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, फार तर मुदत वाढवून मागता येईल. अखेर ऑक्टोबरमध्ये बहुतेकांनी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा मोबाइलवर दिली. त्या चार-पाच महिन्यांत टीवायच्या मुलांचे जे फोन मला आले, त्यांतल्या फार थोड्यांना अभ्यासक्रम अवघड वाटत होता. त्यांना अभ्यास सुरू करावा की नोकरी शोधावी, पुस्तके गावी मागवावीत की पुण्याची खोली सोडावी, हेच ठरवता येत नव्हते. स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे तर याहून वाईट झाले. मूळची एप्रिल 2020 मधली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुन:पुन्हा पुढे जात 14 मार्च 2021 वर आली, तीही तीन दिवस आधी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि शेवटी ती 21 मार्चला झाली. बाहेरून पाहणाऱ्याला तो एका आठवड्याचा फरक वाटला असेल; परंतु खोलीभाडे, खाणावळ आणि अभ्यासिकेची फी यांचा हिशेब घरून येणाऱ्या मोजक्या पैशांत बसवणाऱ्या मुलासाठी प्रत्येक नव्या तारखेबरोबर घरी पुन्हा एकदा 'अजून थोडे थांबा' असे सांगण्याची वेळ येत होती.

विद्यापीठाच्या किंवा आयोगाच्या निर्णयावर आपले नियंत्रण नसते, हे खरे आहे. तरीही दर सोमवारी सकाळी अकराला महाविद्यालयाकडून एक छोटी सूचना जावी: आतापर्यंत काय ठरले आहे, काय ठरलेले नाही, आणि पुढची माहिती कोणत्या दिवशी मिळेल. सांगण्यासारखे नवीन काहीच नसेल तरीही सूचना जावी आणि त्यात तसेच लिहावे. माझ्या ओळखीच्या एका प्राचार्यांनी हे 60 हून अधिक आठवडे न चुकता केले. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये अफवांवरून घाबरून येणारे फोन स्पष्टपणे कमी होते, कारण रात्री अकराला एखाद्या ग्रुपवर 'परीक्षा रद्द' असा संदेश आला तरी सोमवारपर्यंत थांबायचे, ही सवय मुलांना लागली होती.

आता फोनबद्दल. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे कोणत्या प्राध्यापकाकडे कोणते विद्यार्थी सोपवले आहेत याच्या, याद्या आपल्याकडे तयार असतीलच. त्याच याद्या खरोखर वापराव्यात. एका प्राध्यापकाकडे 20 विद्यार्थी आणि प्रत्येकाशी आठवड्यातून 10 मिनिटे, म्हणजे आठवड्याला साडेतीन तासांहून कमी वेळ लागतो. वार आणि साधारण वेळ ठरलेली असावी आणि ती पाळली जावी, कारण ज्याचे सगळे दिवस सारखेच झाले आहेत त्याला गुरुवारी संध्याकाळी पाटील सरांचा फोन येणार आहे, एवढ्यानेही आठवड्याला आकार येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला 'सर्वांनी काळजी घ्या' हा संदेश यात धरू नये.

फोनवर काय विचारायचे, हे प्राध्यापकांना शिकवावे लागते. 'कसा आहेस?' या प्रश्नाचे उत्तर 'ठीक आहे, सर' असेच येते आणि संभाषण तिथे संपते. त्याऐवजी असे विचारावे की उत्तरात काहीतरी घडलेले सांगावे लागेल: आज जेवायला काय होते, काल रात्री किती वाजता डोळा लागला, सकाळी किती वाजता उठलास, आठवडाभरात घरच्यांखेरीज कुणाशी बोललास? पहाटे चारला झोप, दुपारी जाग, एक वेळचे जेवण आणि कुणाशीच बोलणे नाही, अशी उत्तरे आली तर पुढच्या गुरुवारची वाट न पाहता दोन दिवसांनी पुन्हा फोन करावा. सल्ला देण्याची घाई करू नये. 'सकारात्मक विचार कर' किंवा 'लोकांवर यापेक्षा किती वाईट वेळ आली आहे ते बघ' ही वाक्ये प्रेमाने म्हटली तरी ऐकणारा त्यानंतर बोलायचा थांबतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

दुसरी अडचण खासगीपणाची असते आणि ती शिक्षकांच्या सहज लक्षात येत नाही. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसांत राहणारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याशी बोलायला जिन्यात येऊन बसायची. जिन्यावरून कुणी जाऊ लागले की ती बोलता बोलता मध्येच 'हो मॅडम, असाइनमेंट उद्या पाठवते' असे म्हणायची. हे वाक्य आम्ही ठरवून घेतले होते. मग मी गप्प राहायचे, फोनमधून पायऱ्यांवरच्या चपलांचा आवाज वर जाताना ऐकू यायचा, आणि तो थांबला की ती आपले अर्धे राहिलेले वाक्य पुन्हा धरायची. तिच्या मनातले मोठे ओझे घरातलेच होते, त्यामुळे घरात बसून ते सांगणे तिला शक्यच नव्हते. तेव्हापासून 'आता मोकळेपणाने बोलता येईल का?' हा माझा प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न झाला, आणि शेजारी कुणी असेल तर केवळ 'हो' किंवा 'नाही' म्हणून उत्तर देता येईल असेच पुढचे प्रश्न मी विचारू लागले. आपल्या प्राध्यापकांना हे दोन्ही जरूर सांगावे. व्हिडिओ सुरू करण्याचा आग्रहही धरू नये. पाठीमागची भिंत, पत्रा किंवा चुलीजवळची जागा वर्गमित्रांना दिसू नये म्हणून कित्येक मुले कॅमेरा बंद ठेवत होती.

वसतिगृहात मागे राहिलेल्यांचा एकटेपणा वेगळाच होता. मराठवाड्यातला एक मुलगा एप्रिल 2020 मध्ये एका अख्ख्या मजल्यावर एकटा उरला होता, कारण बाकीचे टाळेबंदीच्या आधी निघून गेले आणि याच्या गावाकडच्या गाड्या बंद झाल्या. दुपारचे जेवण एक सेवाभावी गट आणून द्यायचा, रात्री तो बिस्किटांवर भागवायचा. 'मॅडम, दोन दिवस मी माझा स्वतःचा आवाज ऐकलेला नाही,' असे तो मला म्हणाला. आम्ही फार मोठे काही ठरवले नाही. सकाळी सातला खाली उतरून वॉचमनकाकांबरोबर, अंतर राखून, आवारातल्या झाडांना पाइपने पाणी घालायचे. नऊच्या आत आंघोळ करायची. आणि त्यानंतर गॅलरीत उभे राहून कोणत्याही एका विषयाची दोन पाने मोठ्याने वाचायची. झोप कधी लागावी याबद्दल मी आग्रह धरला नाही, उठण्याची वेळ तेवढी पक्की केली, कारण झोप हुकमाने येत नाही, उठणे मात्र ठरवता येते आणि काही दिवसांत झोप त्याच्या मागोमाग सरकते. दोन आठवड्यांनी पहाटे साडेचारची झोप रात्री दीडवर आली. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत बसल्यास मन लागतच नाही. ठरलेल्या वेळी छोटेसे काम हातात घेतले की मन हळूहळू मागून येते. नैराश्यावरील उपचारांत हे तत्त्व आम्ही नेहमीच वापरतो आणि एखादा रेक्टर किंवा वॉचमनसुद्धा ते घडवून आणू शकतो.

इथे शब्दांविषयी एक गोष्ट नमूद करते. 'सामाजिक अंतर' हा शब्द सूचनांत वापरू नये, 'शारीरिक अंतर' असे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 मध्ये हाच बदल सुचवला होता, माणसांनी एकमेकांपासून मनाने तुटू नये म्हणून. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे: पिढ्यानपिढ्या ज्यांना दूर उभे केले गेले, त्या घरांतील मुलांना तो शब्द टोचत होता, आणि त्यांच्यापैकी काहींनी मला तसे सांगितलेही.

ताणामागे पैसा किती असतो, हेही आराखड्यात यायला हवे. महाविद्यालये बंद झाल्यावर 'कमवा व शिका' योजनेतले काम थांबले आणि त्यावर खाणावळीचे पैसे भागवणारी मुले अडचणीत आली. शिष्यवृत्तीचे हप्ते उशिरा आले. अशा वेळी समुपदेशकाने श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी महाविद्यालयाने परीक्षा शुल्काला मुदतवाढ द्यावी आणि गरजूंना इंटरनेटसाठी रिचार्ज करून द्यावा. मुलींवर आणखी वेगळा दबाव होता. लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली तेव्हा खर्च वाचतो म्हणून अनेक घरांनी घाईघाईने मुलींची लग्ने उरकली. आपल्या भागातही वर्ग पुन्हा भरले तेव्हा एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) बाकांवरून काही मुली नाहीशा झालेल्या असतील. 'घरी पाहुणे येऊन गेले' असे एखादी मुलगी फोनवर सहज म्हणाली, तर ते गंभीरपणे घ्यावे. अशा वेळी शिकवणाऱ्या मॅडमनी तिच्या आईशी बोलल्याने पदवीपर्यंत लग्न लांबल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मुलगी 18 वर्षांखालची असेल, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्यच आहे.

एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत घरात मृत्यू झालेल्या मुलांबद्दल मला सविस्तर लिहिले पाहिजे. त्या वेळी मृत्यूचे दुःख होतेच, शिवाय ते दुःख ज्या रीतींनी आपण पेलतो त्याही हातून गेल्या होत्या. अंत्यविधीला 20 जणांची मर्यादा, कित्येकांना शेवटचा चेहराही पाहता आला नाही. सावडणे, दहावा, तेरावा सगळे उरकून घेतलेले. दारात येऊन नुसते बसणारे शेजारी नाहीत, स्वयंपाक करून आणणारी आत्या नाही. मुस्लिम कुटुंबांतील मुलांनी जनाज्याला खांदा देता आला नाही याची खंत वर्षभर बोलून दाखवली. वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी अंतर्गत परीक्षेला ऑनलाइन बसलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे, कारण परीक्षा पुढे घ्या असे कुणाला आणि कसे सांगायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. असा नियम आताच करून ठेवा की घरात मृत्यू झाल्याचे कळताच त्या विद्यार्थ्याच्या सर्व अंतर्गत परीक्षा आपोआप पुढे जातील आणि दाखल्याची मागणी महिनाभर होणार नाही. भेटायला जाता येत नसेल तर तीन-चार वर्गमित्रांनी रोज आळीपाळीने फोन करावा. निर्बंध उठल्यावर वर्षश्राद्धाच्या किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने राहून गेलेले भेटणे पुन्हा जुळवून आणावे. एका विद्यार्थिनीने आजीसाठी सहा महिन्यांनी नातेवाइकांना बोलावून आजीच्या हातच्या पद्धतीची पुरणपोळी केली, आणि त्या दिवशी घरातले सगळे पहिल्यांदा एकत्र रडले, असे तिने मला सांगितले.

धोक्याच्या खुणा ओळखणे हा भाग प्रत्येक मेंटॉरला यायलाच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे देशात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या 2019 मध्ये 10,335, 2020 मध्ये 12,526 आणि 2021 मध्ये 13,089 होती, आणि 2021 मध्ये 1,834 मृत्यूंसह महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे होता. यांतल्या प्रत्येकामागे महासाथच होती असे म्हणता येणार नाही, पण वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. नेहमी उत्तर देणारा मुलगा फोन उचलेनासा होणे, 'माझ्यामुळे घरच्यांवर ओझे पडते' असे वारंवार म्हणणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, विनाकारण सगळ्यांची माफी मागणे, किंवा अनेक दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट विचारावे: 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे विचारल्याने ती कल्पना मनात रुजते, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी स्पष्ट विचारल्यामुळे सुटल्यासारखे वाटले, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. उत्तर 'हो' आले तर फोन ठेवू नये, घरातल्या एका विश्वासू माणसाला जोडून घ्यावे, विद्यार्थ्याला एकटे राहू देऊ नये, शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे कुलपात ठेवायला सांगावीत आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यावी. 2020 मध्ये केंद्राने विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा मानसिक आधाराचा उपक्रम सुरू केला होता. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे पालकांना सांगावे, कारण पोलिसांच्या भीतीने अजूनही घरे अशी गोष्ट लपवतात.

मेंटॉरने नोंद काय ठेवावी, असेही आपण विचारले आहे. तारीख आणि 'पुन्हा फोन हवा आहे का' एवढेच लिहावे. विद्यार्थ्याने काय सांगितले, हे सामाईक गूगल शीटवर कधीही जाता कामा नये.

प्राध्यापकांचाही विचार करावा लागेल. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे मानधन टाळेबंदीत अनेक ठिकाणी थांबले होते. ज्याच्या स्वतःच्या घरात किराण्याची चिंता आहे, त्याच्यावर 20 मुलांचे मन सांभाळण्याचे काम विनामोबदला टाकणे अन्यायाचे आहे. या फोनांचे तास कामाच्या तासांत मोजले जातील, असे आराखड्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

वर्ग पुन्हा सुरू झाले की काम संपले, असेही समजू नये. महाराष्ट्रात महाविद्यालये फेब्रुवारी 2021 मध्ये निम्म्या उपस्थितीने उघडली, पुन्हा बंद झाली आणि 20 ऑक्टोबर 2021 ला खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये गर्दीत घाबरणारी, वर्गात कुणाशी काय बोलावे हे न सुचणारी आणि लेखी परीक्षेत तासाभरात हात भरून येणारी मुले बरीच होती. दीड वर्ष मोबाइलवर पर्याय निवडल्यावर तीन तास लिहिण्याचा सराव गेला होता. 'करोना बॅच' हा शब्दही त्यांना जिव्हारी लागत होता, आणि तो स्टाफरूममध्येसुद्धा वापरला जात होता. अशा वेळी पहिल्या महिन्यात चाचणी न घेता रोज 20 मिनिटे लेखनाचा सराव द्यावा आणि डबा एकत्र खाण्याची सुट्टी कमी करू नये.

सुरुवात कुठून करावी, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रवेश अर्जात आहे. मार्च 2020 मध्ये आम्ही याद्या घेऊन फोन करायला बसलो, तेव्हा कित्येक क्रमांक ज्या नेट कॅफेतून अर्ज भरला होता तिथले निघाले, काही बंद पडलेले होते आणि काहींवर 'तो आमच्या गल्लीत राहत नाही' असे उत्तर मिळाले. त्या मुलांपर्यंत पोहोचायला आम्हाला पाच-सहा आठवडे लागले. या जूनमध्ये प्रवेश देताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून तीन क्रमांक घ्यावेत, त्याचा स्वतःचा, घरातल्या मोठ्या माणसाचा आणि गावातल्या एका मित्राचा किंवा शेजाऱ्याचा, आणि तो समोर उभा असतानाच तिन्ही लावून पाहावेत.